रकान्यातली मामी

मंगळवारी सकाळी पावणेअकराला टेक्सासमधली एक बाई माझ्या कानात म्हणाली, "माझ्या घरात कुणी आंट राहत नाही. ही आंट आली कुठून, एवढं मला कुणीतरी सांगा." मी कीबोर्डवरून हात उचलले आणि उगाचच आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्या ऑफिसात चाळीस माणसं बसतात आणि चाळिसांच्याही कानांवर हेडसेट असतो, त्यामुळे शेजारचं माणूस रडलं तरी कळायचं नाही. खाली आखातातल्या उन्हात शेख झायेद रोडवर गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या, एसीचा झोत नेहमीसारखा माझ्याच मानेवर येत होता. मी रेकॉर्डिंग दहा सेकंद मागे नेलं. ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मात्र मी रेकॉर्डिंग थांबवलं, कारण ती आंट कुठून आली हे अख्ख्या जगात मला एकटीला माहीत होतं. मीच तिला तिथे नेऊन बसवली होती, सहा आठवड्यांपूर्वी, एका रकान्यात.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे, पण बाहेर सांगू नये असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून बिल्डिंगमधल्या बायकांना मी डेटा एंट्री म्हणून सांगते. जगभरची माणसं माइकसमोर बडबडतात, मशीन ते ऐकून टाइप करतं, आणि मशीनने काय वेड्यासारखं ऐकलंय ते आम्ही सुधारतो. मग एक शीट भरायचं. विषय कोणता, राजकारण, मीडिया की संस्कृती. सूर कसा, चिडका, खोचक की हळवा. आणि सर्वांत शेवटी 'व्यक्ती'. कार्यक्रमात ज्यांचा उल्लेख येतो ती माणसं, त्यांचं बोलणाऱ्याशी नातं काय, राहतात कुठे. हे सगळं कुणासाठी, ते आम्हाला सांगत नाहीत. क्लायंटला फक्त नंबर असतो. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की साबणवाले असतील, शाम्पूवाले असतील, कोण कुणाच्या घरात राहतं यावर त्यांची डबे विकण्याची गणितं असतील. असं ठरवलं की संध्याकाळी जेवण जातं. मला दिलेलं डेस्क म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिना बायकांचे कार्यक्रम. मेक्सिको, होन्डुरास अशा देशांतून आलेल्या घरांतल्या या बायका. मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही, पण त्याची गरज नव्हती. त्या बोलतात इंग्लिशच, मधे परका शब्द आला की कंसात 'परभाषा' लिहून पुढे जायचं. तीन महिन्यांत मी हजार वेळा 'परभाषा' लिहिलं असेल आणि त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ कुणाला विचारला नसेल.

मारिसेल त्यांतली माझी आवडती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माइक ठेवून बोलते, मागे कुकरसारखं काहीतरी शिजत असतं, आणि एकदा बोलायला लागली की बाई कुणाच्या बापाला घाबरत नाही. म्हणायची, निवडणूक आली की टीव्हीवाल्यांना माझी आठवण होते. दोन मिनिटं देतात आणि विचारतात, लॅटिनांना काय वाटतं. आता माझ्या या टेबलाभोवती सहा जण जेवायला बसतात आणि सहा जणांना सहा गोष्टी वाटतात. ज्या माणसाला मी रोज शिव्या घालते त्याला माझ्या सख्ख्या भावाने मत दिलंय, आणि तोच भाऊ रविवारी येऊन माझ्या गाडीचं टायर बदलून देतो. मग मी दोन मिनिटांत कुणाचं सांगू. म्हणायची, बातमीत आमच्या बायका बघा, कायम पाठमोऱ्या. धरपकड झाली की कॅमेरा मागूनच, वेणी दिसते, हातातली पिशवी दिसते, चेहरा नाही. आणि सिनेमात आमचा देश आला की पडदा पिवळा होतो, आमच्याकडे काय सूर्य वेगळा उगवतो की काय. हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसले होते. इथे धुळीचं वादळ आलं की डिस्कव्हरी गार्डन्सची आमची गल्ली खरोखर तशीच पिवळी होते, आणि तेव्हा मला वाटतं, हिला बोलावून दाखवावी. मला ती पटायची. इथे मला लिफ्टमध्ये कुणीही धरून हिंदीत सुरू होतं, इंडियन ना, मग झालं तर. मी मराठीत विचार करते हे ऑफिसात आमचे सुपरवायझर जहूरभाई सोडून कुणाच्या गावीही नाही. मारिसेल तिकडे बोलायची आणि मी इकडे मान डोलवायचे, कधी कधी वादसुद्धा घालायचे, मनात. मैत्रीणच म्हणा. मैत्रिणीचं मी असं केलं.

सहा आठवड्यांपूर्वीचा तो भाग मला मिनिटांसकट पाठ आहे. ती कुठल्याशा जाहिरातीबद्दल बोलत होती, तेवढ्यात तिच्या घराची बेल वाजली. तिने माइकवर हात ठेवल्याचा खरखर आवाज आला, आणि खालच्या आवाजात, घाईने, ती कुणालातरी म्हणाली, मामी, दार उघडू नकोस. मग हळू पावलं आली आणि गेली. मग मारिसेल हसली आणि जाहिरातीवर परत आली. मशीनने टाइप केलं होतं, 'मॉमी'. मला मशीनची कीव आली. अरे, हिची आई तीन वर्षांपूर्वी वारली, तिने स्वतः एक अख्खा भाग त्यावर केलाय, आणि तू तिला दारापाशी उभी करतोस? मी स्वच्छ ऐकलं होतं. मामी. मग शीटमध्ये लिहिलं, मामी, म्हणजे आंट, आईच्या भावाची बायको, बोलणारीच्या घरात राहते, दार उघडायला घाबरते. इथपर्यंत लिहून थांबायला काय झालं होतं मला. पण नाही, शहाणपणा दाखवायचा होता ना. पुढे लिहिलं, कागदपत्रांबद्दल शंका. हे दोन शब्द माझ्याकडे कुणी मागितले नव्हते. जहूरभाईंनी मंजुरी देताना शेजारी लिहिलं, गुड कॅच. संध्याकाळी मी खुशीत घरी गेले आणि जाताना माझ्या लेकीसाठी, अपूर्वासाठी, डोनट घेतले.

एवढी खात्री मला कशी होती, हे कुणी विचारलं असतं तर त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. आज येतं. त्याच सकाळी घरातून निघताना, सँडलचा पट्टा लावता लावता, मी तेच वाक्य बोलले होते. मामी, दार उघडू नकोस. रोज बोलते. माझी मामी चौदा महिने झाले आमच्याकडे आहे आणि त्यांतले दहा महिने तिच्या पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला आहे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. महादूमामा मला हर्णैला घेऊन गेला आणि मामीने मला वाढवलं, तिला स्वतःला मूल नव्हतं, तर माझ्या वेण्या घालायला, माझ्या उवा काढायला, माझ्या शाळेत जाऊन मास्तरणीशी भांडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. महादूमामा गेला आणि दिरांनी घराची दुरुस्ती काढली, आणि दुरुस्ती संपली तेव्हा त्यात मामीची खोली राहिलेली नव्हती. मी तिला व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं, साठ दिवसांसाठी. एकदा वाढवला, दुसऱ्यांदा वाढवला. मग अपूर्वाची परीक्षा होती, मग मला ही नोकरी लागली, मग घरी पोरीकडे बघायला कोण. माझा नवरा भानुदास मुसफ्फाला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आहे, आठवडाभर तिकडेच राहतो, शुक्रवारी येतो. तो दर शुक्रवारी म्हणायचा, बघू या, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. पुढे त्याने म्हणणं सोडलं आणि मी विचारणं. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. तिच्या हातची भाकरी हवी होती, साडेतीनला वर येणाऱ्या पोरीला दार उघडणारं घरचं माणूस हवं होतं. अपूर्वा तीनदा टकटक करते, बेल वाजवत नाही, म्हणजे मामीला कळतं. बेल कुणी दुसऱ्याने वाजवली तर ती गॅस बारीक करते आणि ओट्यापाशी तशीच उभी राहते, बेल थांबेपर्यंत. एकदा मी घरी होते तेव्हा पाहिलं तिला तशी. पंचावन्न वर्षं हर्णैच्या बाजारात मासळीवाल्यांशी हुज्जत घातलेली बाई, श्वास धरून उभी. मी तिथून निघून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला.

मंगळवारच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये मारिसेलचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. कुकर नव्हता. ती सांगत होती, शनिवारी चार माणसं आली, जॅकेट घातलेली, ओळखपत्रं दाखवली पण वाचू दिली नाहीत. मला विचारलं, आंट कुठे आहे. मी म्हटलं, कुणाची. तर म्हणाले, तुझी, तुझ्या आईच्या भावाची बायको, इथेच राहते ना. एवढं बारीक नातं, म्हणाली, आमच्याकडे कुणी मोजतसुद्धा नाही. त्यांनी कपाटं उघडली, कपडे धुवायच्या मशीनच्या मागे पाहिलं. मग एकजण माझ्या पोरीसमोर गुडघ्यावर बसला, गोड आवाजात म्हणाला, आंटी कुठे झोपते गं. आणि ही नऊ वर्षांची पोर, इतकी घाबरली की म्हणाली, माझ्या खोलीत. त्यांनी ते लिहून घेतलं. गुरुवारी परत येतो म्हणाले, तिला तयार ठेवा. मग मारिसेलने माइकपासून तोंड फिरवलं आणि हाक मारली, "मामी, इकडे ये, काय झालं ते तूच सांग." आणि त्या हाकेला एका लहान मुलीचा आवाज म्हणाला, "नको."

मी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. इतकं सोपं होतं ते. मुलीलाच ती मामी म्हणत होती. मामी म्हणजे त्यांच्या भाषेत आई, आणि तिकडच्या आया पोरींना लाडाने आईच म्हणतात. त्यात कळण्यासारखं अवघड काय होतं, मी रोज अपूर्वाच्या मागे ताट घेऊन फिरते आणि म्हणते ना, जेव आता माझे आई. मशीनने बरोबर ऐकलं होतं. चुकीचं माझ्या कानाने ऐकलं, कारण माझ्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो अर्थ माझ्या घरात ओट्यापाशी श्वास धरून उभा होता. जी माणसं त्या घरात शिरली त्यांना साबण विकायचा नव्हता, कागद नसलेल्यांना उचलून न्यायचं होतं, हेही त्याच क्षणी कळलं. आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी मी शीटमध्ये लिहिली नव्हती. दुसऱ्या एका भागात, एकतिसाव्या मिनिटाला, मारिसेल पोरीबद्दल बोलता बोलता म्हणून गेली होती की ही माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती, नदीपलीकडून, मेक्सिकोतून, एका पायात बूट होता. मग एकदम थांबली आणि दुसरंच काही बोलायला लागली. इत्सेल, म्हणजे ही पोर, तिने जन्माला घातलेली नाही आणि अमेरिकेचे कागद त्या पोरीकडे नाहीत, हे ज्याला कान आहेत त्याला कळलं असतं. मी ते का लिहिलं नव्हतं, आठवत नाही. चांगुलपणा नसावा. बहुतेक जेवणाची सुट्टी झाली होती.

जहूरभाई पँट्रीत चहात साखर ढवळत होते. श्रीवर्धनचे आहेत, पन्नाशीचे, इथे बावीस वर्षं काढलेली, आमच्या फ्लोअरवर प्रत्येक शीटला त्यांची मंजुरी लागते. मी त्यांना सगळं सांगितलं. मामी म्हणजे मुलगी हे ऐकून ते आधी हसले.

"आता मामी म्हणजे मामीच की गं. माझ्या पण डोक्यात नाही आलं. सही मी केली ना त्याच्यावर." मग हसणं थांबलं. "किती दिवस झाले त्याला?"

"सहा आठवडे. जहूरभाई, ते गुरुवारी परत जाणारेत त्यांच्याकडे. मला ती एंट्री डिलीट करायची आहे."

"डिलीट नाय होत. व्यक्तीच्या रकान्यात एकदा माणूस टाकला की काढता येत नाय, बदलता येतो फक्त. आंट खोडून मुलगी लिही, मी पाच मिनिटांत अप्रूव्ह करतो. खलास."

"मुलगी लिहिली तर ते मुलीच्या मागे लागतील. तिला कागद नाहीत."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि ते लोटून घेतलं. "मग दुसरा ऑप्शन आहे, ॲनालिस्ट एरर. म्हणजे असं कुणी माणूसच नव्हतं, आमच्या माणसाची ऐकण्यात चूक झाली. तो टाकलास की त्या बाईच्या घरातून नाव साफ जातं. पण मग तुझं ऑडिट लागतं. तुझी तीन महिन्यांची सगळी रेकॉर्डिंग ऐकतात, क्लायंटची माणसं बसून ऐकतात."

"माझी कसली रेकॉर्डिंग? मी कुठे बोलते?"

"हेडसेट दोन्हीकडून ऐकतो, नीलिमा. घरी बसून काम करतेस ना बुधवार-गुरुवार, तेव्हा पण. क्वालिटीसाठी ठेवतात. तुझी जॉइनिंगला सही घेतली होती, कुणी वाचत नाय." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काय ऐकलेलं नाय. मला ऐकायचं पण नाय. पण घरी दिवसभर कोण असतं, कोण कुणाला काय म्हणतं, ते सगळं त्यात असणार. तू तुझं बघ."

मी जागेवर येऊन बसले. समोर हेडसेट पडला होता, काळा, कानापाशी किंचित फाटलेला, माइकची काडी वर वळवलेली. तीन महिने मी तो घरी घेऊन जात होते, बेडरूममध्ये दार लावून बसत होते, दुसऱ्यांची घरं ऐकत होते, आणि तो माझं घर ऐकत होता. मामीचं खोकणं त्यात असेल. तिची ती गाणी पुटपुटायची सवय. मी ओरडलेली असेन, मामी, गॅलरीत जाऊ नकोस, समोरचे बघतात. भानुदासशी फोनवर बोललेली असेन, व्हिसाचं काय करायचं. काय काय बोललो असू आम्ही. माणूस आपल्या घरात काय बोलतो हे कुणी लक्षात ठेवतं का. मी आठवायला लागले आणि प्रत्येक बुधवार आठवेना, आणि जे आठवेना तेच जास्त भीती घालायला लागलं. मनात आलं, कुठेतरी माझ्यासारखीच एखादी बसली असेल, मराठी न येणारी, माझं 'मामी' ऐकून कंसात 'परभाषा' लिहून पुढे जाणारी. तेवढ्यावर माझं घर तगून असेल.

मेट्रोने घरी येताना मला बसायला जागा मिळाली आणि मी बसले नाही. डिस्कव्हरी गार्डन्सला उतरले, दुकानातून कोथिंबीर घेतली, वर आले, तीनदा टकटक केलं. अपूर्वाने हेडफोनमधून डोकं न काढता सांगितलं, "मम्मा, मामी-आजी मेड घावणे, आय एट फोर." मामी ओट्याशी होती. माझा चेहरा बघून म्हणाली, काय गो, कुणी बोललं काय तुला. आणि मी तिला सांगितलं. मी कुणाला सांगणार होते दुसरं. अर्धंमुर्धंच सांगितलं, हेडसेटचं सांगितलं नाही. अमेरिकेत एक बाई आहे, तिच्या घरात एक मामी लपलीय असं माझ्या चुकीने लिहिलं गेलं, आता पोलिसांसारखी माणसं तिच्याकडे त्या मामीला शोधतायत, आणि तिची पोर घाबरलीय.

मामीने हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि ती विचार करू लागली. ती विचार करते तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळते.

"म्हणजे मामी तिकडे नाहीच?"

"नाही."

"मग सांग ना त्यांना," ती म्हणाली, "मामी इकडे आहे म्हणून."

तिने ते इतकं साधं म्हटलं की मला आधी कळलंच नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला किती समजलं होतं आणि किती नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला तिचा राग आला. हे बोलायला काय जातं हिचं, असं वाटलं, आणि लगेच वाटलं की जाणार तर सगळं हिचंच आहे. विमानतळावरचा तो काउंटर, बोटांचे ठसे, परत कधी येऊ नका असा शिक्का, आणि तिकडे हर्णैला उतरून ही जाणार कुठे, तर ज्या घरात खोली नाही तिथे. आणि माझं काय, तिला ठेवून घेणारीचं, भानुदासच्या नोकरीचं, पोरीच्या शाळेचं. सांगते उद्या, मी म्हटलं. वाढ आता, भूक लागलीय. ती लगेच वाढायला वळली. लहानपणी मी पहिली यायचे नाही म्हणून रडायचे तेव्हाही ती अशीच, वाढते हं, म्हणून वळायची.

बुधवारी मी घरून काम करते. अपूर्वा शाळेत गेली, मी बेडरूमचं दार लावलं, लॅपटॉप उघडला, हेडसेट घातला. घालायलाच लागतो, नाहीतर लॉगिन होत नाही. दहा मिनिटांत मामी चहा घेऊन आली आणि तोंड उघडणार एवढ्यात मी ओठावर बोट ठेवलं. तिने पाहिलं. काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता कप आवाज न करता ठेवून पाय न वाजवता गेली. कुणाला गप्प बसवायला एवढं कमी लागतं हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर घरात काहीच वाजेना. भांडं नाही, नळ नाही. ती नुसती बसून असावी.

फॉर्म समोर होता. व्यक्ती: आंट. बदलाचं कारण: एक, ओळख सुधारली. दोन, ॲनालिस्ट एरर. टेक्सासमध्ये तेव्हा मंगळवारचीच रात्र होती, गुरुवार उजाडायला अजून चोवीस तासांहून जास्त अवकाश होता. मी दोनवर क्लिक केलं. खाली लाल अक्षरांत आलं, ऑडिट सुरू होईल, पुढे जायचं का. मी वाचत बसले. हे मी करणार होते, देवाशपथ करणार होते. मला मारिसेलचं स्वयंपाकघर दिसत होतं, न पाहिलेलं, टेबल, माइक, गुडघ्यावर बसलेला माणूस. मग दाराबाहेर मामीला खोकला आला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला, पदर तोंडात धरला असणार, आणि दाबलेला खोकला उघड्या खोकल्यापेक्षा मोठा ऐकू येतो. एक, दोन, तीन. माइकच्या काडीवरचा बारीक हिरवा दिवा पेटलेलाच होता. माझा हात आपोआप गेला असं म्हणणार नाही. मीच नेला. मी मागे गेले आणि एकवर क्लिक केलं.

मग फॉर्म भराभर उघडत गेला आणि मी भरत गेले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. व्यक्ती: आंट नव्हे, मुलगी. नाव: इत्सेल. वय: नऊ. 'मामी' हा मुलीला उद्देशून लाडाचा शब्द. दुपारी शाळेतून आल्यावर आई येईपर्यंत घरी असते. हेही मला माहीत होतं, कुठल्याशा भागात आलं होतं, आणि तो चौकोन रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी विचारलं होतं, जन्म अमेरिकेत: होय, नाही, माहीत नाही. 'होय' म्हटलं तर कुठल्या भागात, कितव्या मिनिटाला ते लिहायचं होतं, आणि असं मिनिट कुठेच नव्हतं. 'नाही' म्हटलं तर एकतिसावं मिनिट होतं. मी 'माहीत नाही' निवडलं. तेवढं मी तिच्यासाठी केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ज्यांच्याकडे हे कागद जातात त्यांना 'माहीत नाही' एवढं पुरतं हे कळत असताना सांगितलं. पाच मिनिटांत जहूरभाईंची मंजुरी आली. या वेळी शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी लॉगआउट केलं, हेडसेट काढून ड्रॉवरमध्ये टाकला, वरून दोन टॉवेल ठेवले आणि ड्रॉवर बंद केला. बाहेर आले तर मामी डायनिंगच्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली होती, गॅस बंद, पंखासुद्धा बंद. तिने भुवया उचलून विचारलं, बोलू का. मी म्हटलं, बोल.

"झालं काय गो त्या बाईचं काम?"

"झालं. तिकडे मामी नाही म्हणून कळवलं."

"बरं केलंस बाय," मामी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "आता त्या पोरीला तरी शांत झोप लागेल."